जहाजाची कोणती बाजू घ्यावी?

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की व्यापारी घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. पालिताणा, शिखरजी या यात्रांबरोबरच अलीकडे मुंबई–गोवा जलप्रवासाचाही विचार होऊ लागला आहे. खोली आरक्षित करताना हमखास प्रश्न येतो : डावी बाजू की उजवी? तरुण मंडळी देखाव्यासाठी विचारतात. घरातील ज्येष्ठांच्या मनात मात्र चौविहार आणि नवकारशी असते.

दिशा समजली की कोडे सुटते. मुंबईहून गोव्याकडे जहाज दक्षिणेस जाते, म्हणून डावीकडे पूर्व व कोकणकिनारा, उजवीकडे पश्चिम व उघडा समुद्र. बंदरातून निघताना गेटवे व कुलाबा उजव्या हाताला राहतात. जहाज संध्याकाळी सुटले, तर रात्री किनारा अंधारात मागे पडतो. किनाऱ्याच्या बाजूसाठी अधिक दाम मोजण्यात फारसे हशील नाही. सकाळी मात्र डावीकडूनच सूर्योदय दिसतो. परतताना सारे उलटे होते : डावीकडे सूर्यास्त, उजवीकडे सूर्योदय. म्हणजे जाऊन-येऊन प्रवास असेल, तर कोणतीही बाजू दोन्ही देखावे देते.

ज्यांचा नियम आहे, त्यांनी खिडकीतील सूर्यावर विसंबू नये. ढग आडवे येतात. नाशिकचे कोष्टकही तंतोतंत लागू पडत नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. शिवाय दक्षिणेकडे जावे तसा हिवाळ्यात सूर्य उशिरा आणि उन्हाळ्यात लवकर मावळतो. म्हणून त्या दिवसाची वेळ जहाजावरच विचारून घ्यावी. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशीही त्यावरूनच मोजावी. कंदमूळविरहित भोजन आणि सूर्यास्तापूर्वी ताट मिळण्याची व्यवस्था आरक्षणाच्या वेळीच लेखी मागावी. रात्रीच्या भोजनाची वेळ उशिराची असेल, तर उत्तम खोली घेऊनही घरातील आजींना उपाशी झोपावे लागेल.

वृद्धांसाठी बाजूपेक्षा जागा महत्त्वाची. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. टोकाच्या व वरच्या खोल्यांत अधिक. पैसे भरण्यापूर्वी मजल्याचा नकाशा पाहावा व उद्‌वाहन किती दूर आहे तेही तपासावे. झरोक्याची खोली घेऊन वाचलेल्या पैशांत सर्वांना एकाच मजल्यावर राहता येत असेल, तर तो सौदा फायद्याचा. सूर्य पाहायला उघडा डेक सर्वांनाच मोकळा असतो.

वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी सागरमार्गेच गेले. समुद्रपर्यटनाबद्दल स्वजनांचा विरोध त्यांनी सोसला. आहाराचा नियम मात्र सोडला नाही. आज विरोध उरलेला नाही, सोयी वाढल्या आहेत. तेव्हा बाजू कोणतीही निवडा. आधी घरातील नियमधारकांना विचारा, मग खिडकीकडे पाहा.