स्कॅनर जुळत नाही, तापतो? आधी हे तपासा

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव म्हटलं की आपल्याला लेथ आणि फौंड्री आठवते. पण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि गॅरेजात पान्याइतकंच काम स्कॅनरला लागलं. घरचं गॅरेज सांभाळणाऱ्या आणि हे काम शिकणाऱ्या मैत्रिणींसाठी आजची माहिती.

स्कॅनर दोन कामं करतो. गाडीतला दोष वाचतो आणि प्रोग्रॅमिंगचा असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीएममध्ये, नवीन माहिती लिहितो. वाचताना जोडणी तुटली तर पुन्हा जोडता येते. लिहिताना तुटली तर ईसीएम अर्धवट राहतो, आणि चालत आलेली गाडी ढकलत न्यावी लागते. म्हणून तपासणी आधी करायची.

जोडणी होत नसेल तर स्कॅनरला लगेच दोष देऊ नका. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं. त्यात 16 नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट येतो, 4 आणि 5 अर्थिंगच्या. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर या पिना मल्टिमीटरने बघा. करंट नसेल तर फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा आणि याचा फ्यूज एकच असतो.

दिवा लागतो, पण गाडी बोलत नाही? मग किल्ली ऑन आहे का, पिना वाकल्यात का, केबल सैल आहे का, ते बघा. तरीही जमलं नाही तर बॅटरीची वायर काढून 6 आणि 14 या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो 60 ओहमच्या आसपास येतो. 120 आला तर लाइन कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता धरा.

आता तापण्याचं. स्कॅनर कोमट होणं साहजिक आहे. हात ठेववत नसेल, वास येत असेल, तर वाचनाचं काम तिथेच थांबवून तो काढा. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका. लॅपटॉप सीटवर ठेवला की त्याची हवा कोंडते. खाली फळी ठेवा. गार करायला फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवायचा नाही, आत पाणी धरतं. सावलीत, पंख्याखाली निवू द्या. वारंवार तापत असेल तर आत शॉर्ट असू शकतो. तो दुरुस्तीला द्या.

लिहायला बसण्याआधी गाडी सावलीत घ्या. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. किल्ली ऑन ठेवून ती उतरत जाते, म्हणून स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर लावा. साधा चार्जर चालत नाही. हेडलाइट, एसी बंद करा. लॅपटॉप चार्जिंगला लावा, त्याचा स्लीप मोड बंद करा. वायफायपेक्षा केबल बरी.

गिऱ्हाईक घाई करेल. त्याला स्पष्ट सांगा, "दहा मिनिटं थांबा, आधी तपासते." ती दहा मिनिटं महागडा ईसीएम वाचवतात.