‘अंपायर’ शब्दाची कुळकथा

क्रिकेटच्या मैदानावरून मराठीत आलेला ‘अंपायर’ हा शब्द खेळातच जन्मला असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः त्याचे कूळ खेळातले नसून तंट्याबखेड्यांतले आहे.

जुन्या फ्रेंच भाषेत ‘नोंपेर’ असा शब्द होता. ‘नों’ म्हणजे नव्हे व ‘पेर’ म्हणजे सम. अर्थात जोडीबाहेरचा, विषम. दोन पक्षांत वाद पडला असता दोहोंपैकी कोणाचाही नसलेला हा तिसरा निवाडा करी. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत ‘नूंपेर’ या रूपाने आला. लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात गुत्त्यातील दोघे झगा व टोपी यांची अदलाबदल करू पाहतात. किमतीवर एकमत होईना, तेव्हा दोर वळणाऱ्या रॉबिनला नूंपेर नेमतात. मैदानी खेळाचा तेथे मागमूसही नाही.

मग आरंभीचा ‘न’ गेला कोठे? इंग्रजीत नामापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘ॲन’ हे उपपद येते. ‘अ नूंपेर’ हे बोलण्यात ‘ॲन ऊंपेर’ असे तुटले आणि शब्दाचा ‘न’ उपपदाने घेतला. ‘नेप्रन’चा ‘एप्रन’ याच रीतीने झाला. संस्कृत ‘नारंग’ पश्चिमेस जाता जाता आपला ‘न’ गमावून बसला, तो मात्र इंग्रजीत पोहोचण्यापूर्वीच.

१७४४ च्या क्रिकेट-नियमांत अंपायरला निर्णयाचा अधिकार दिलेला आढळतो. मराठीने त्याला ‘पंच’ म्हटले. या दोन शब्दांत रक्ताचे नाते नाही; परंतु पंचही गावच्या पारावरून मैदानात आला, आणि पाच ही संख्याही विषमच. पाचांची मते समसमान विभागत नाहीत.

कायद्यानेही हेच तत्त्व जपले आहे. भारताच्या १९४० च्या लवाद कायद्यात, करारात अन्यथा ठरलेले नसल्यास, समसंख्य लवादांनी अंपायर नेमावा अशी तरतूद होती. १९९६ च्या कायद्याने लवादांची संख्या समच असू नये, असे सांगितले. क्रिकेटच्या मैदानावर मात्र अंपायर दोन, म्हणजे जोडीच! १९९२ साली दरबानच्या कसोटीत तिसरा अंपायर आला, आणि त्याच्या निर्णयाने धावबाद झालेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर ठरला.

‘पंच’ हा केवळ कामचलाऊ प्रतिशब्द आहे, असे मानणाऱ्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी ही कुळकथा वर्गात अवश्य सांगावी. न्याय करणारा जोडीबाहेरचा असावा, ही अपेक्षा ‘अंपायर’च्या मुळातच आहे, जो एका बाजूचा झाला, त्याला ते नाव शोभत नाही.