दोरावरचा भरवसा

माठ विकत घेताना आपण त्याला टिचकी मारतो आणि आवाज खणखणीत आला तरच पैसे मोजतो. ज्या दोरावर आपल्या मुलाचा जीव टांगावयाचा, त्याची एवढी तरी परीक्षा आपण घेतो काय? हा प्रश्न गोंदियाकरांना परका वाटण्याचे कारण नाही. हाजरा धबधबा व कचारगडच्या गुहा आपल्याच सालेकसा तालुक्यातल्या. आणि सुटीत सह्याद्रीतल्या शिबिरांना जाऊन कडे चढण्याची हौस आपल्याकडील मुलांनाही असतेच.

प्रथम एक दाखला घेऊ. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिंपर व त्याचे सहा सोबती आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले, मधला दोर तुटला आणि चौघे प्राणास मुकले. याहून बळकट दोर त्यांच्यापाशी होता. पण तुटला तो सर्वांत कमकुवत, कारण बांधला होता तोच! तेव्हा साधन जवळ असणे निराळे आणि ते योग्य जागी असणे निराळे.

मग साधनाची पारख करावी कशी? तीन प्रश्न विचारावे.

पहिला : याची कसोटी कोणी घेतली? गिर्यारोहणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1960 पासून अशी मानके ठरवीत आला आहे. चढाईच्या एकेरी दोराला 80 किलोचे वजन बांधून ते पुनःपुन्हा खाली सोडतात. निदान पाच झटके दोराने सोसले पाहिजेत, आणि पहिला झटका 12 किलोन्यूटनहून, म्हणजे सुमारे 1200 किलोंच्या भाराहून, अधिक असता कामा नये. असा दोर ताणतो व पडणाऱ्याला हळूहळू थांबवतो. केवळ खाली उतरण्यासाठी केलेला, फारसा न ताणणारा दोर कितीही जाड दिसला तरी पुढे चढणाऱ्याच्या कामाचा नाही. कॅराबिनर म्हणजे उघडमीट होणारी धातूची कडी. ती लांबीच्या दिशेने 20 किलोन्यूटन पेलते; पण तिचे तोंड उघडे राहिले तर हे बळ जवळजवळ एकतृतीयांशावर येते.

दुसरा : कसोटीनंतर याने काय काय सोसले? ऊन नायलॉनला जीर्ण करते. बॅटरीतल्या आम्लाचा स्पर्श तर वरून काही न दिसताही दोराचा घात करतो. म्हणून दोर प्रत्येक वेळी बोटांतून सरकवून पाहावा. कोठे गाठाळ, चपटा वा पोकळ लागला तर तो बाद करावा. दोर केव्हा घेतला, किती वापरला, त्यावर कोण किती जोराने पडले, याची वही ठेवावी. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असा दोर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

तिसरा : हे कशात रोवले आहे? सह्याद्रीचा बसाल्ट निराळा आणि आपल्या पूर्व विदर्भाचा अतिप्राचीन खडक निराळा. पण ठिसूळ वा सुटा भाग दोहोंकडे आढळतो. येथे माठाचीच युक्ती कामी येते. हातोडीने ठोकावे, बद्द आवाज आला तर तो खडक सोडावा. गंजलेल्या किंवा हाताने फिरणाऱ्या बोल्टावर विश्वास टाकू नये. आधार नेहमी दोन असावे, पण त्यांतले दोर फार फाकवू नयेत. पाण्याची बादली दोघांनी धरली आणि ते एकमेकांपासून दूर सरकले तर हात अधिक भरून येतात, तसेच हे आहे. दोन दोरांतला कोन 120 अंशांचा झाला की प्रत्येक आधारावर पुरा भार येतो, मग दोन असून उपयोग काय?

खडकावरची कसोटी अर्थात जाणत्यानेच घ्यावी. पण हे तिन्ही प्रश्न शिबिराच्या प्रमुखाला कोणीही आईबाप विचारू शकतात. जो वही काढून दाखवील, त्याच्या हवाली मुलाला खुशाल करावे. जो नुसता हसून बाजूस सारील, त्याच्याकडून मुलाला घरी परत आणावे.