पट्टीच्या हिशेबाची मराठी चाचणी

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा झाला, की शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. ती संगणकावर काढायची, तर आज्ञावलीतील चूक थेट त्याच्या खिशाला बसते. म्हणूनच प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी तिची स्वीकृती चाचणी व्हावी लागते. हे काम यंत्राकडून करून घेणारे एक साधन म्हणजे अस्लाक हेलेसॉय यांनी २००८ मध्ये आणलेले ‘कुकंबर’.

गंमत अशी, की त्यात चाचणी मराठीतही लिहिता येते. ‘जर २० क्विंटल सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये आणि हमाली-तोलाई ६०० रुपये असेल, जेव्हा पट्टी काढली जाते, मग शेतकऱ्याला ८९,४०० रुपये मिळावेत.’ अशी वाक्ये आडत्याला वाचता येतात, प्रसंगी दुरुस्तही करता येतात. प्रोग्रॅमर प्रत्येक वाक्याला आज्ञावलीचा तुकडा जोडतो. मग शिकागोत २००४ मध्ये जन्मलेले ‘सेलेनियम’ हे साधन ब्राउझर उघडून माणसाप्रमाणे रकाने भरते आणि आलेली रक्कम ताडून पाहिली जाते. जमली तर हिरवा रंग, चुकली तर लाल. आज्ञावलीत बदल झाला, की हेच सारे पुन्हा, न कंटाळता.

मात्र जे लिहिलेले नाही, ते यंत्र तपासत नाही. हीच प्रणाली नांदेडच्या हळद बाजारात नेली, तर तेथे कांडी आणि गट्टू यांचे भाव निराळे. सोयाबीनच्या साऱ्या चाचण्या हिरव्या दिसतील आणि दोन्हींना एकच भाव लावलेली पट्टी बिनबोभाट छापली जाईल. ते वाक्य नांदेडच्या आडत्यानेच सांगायला हवे. पुण्यातल्या प्रोग्रॅमरला गट्टू कुठून ठाऊक असणार?