कोकेनवरच्या औषधाची चाळीस वर्षे

दारू सोडवायला गोळ्या आहेत, अफू-हेरॉइनच्या व्यसनाला मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहे. कोकेनसाठी मात्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्य केलेले एकही औषध आजवर नाही. चाळीस वर्षांच्या कसून शोधानंतरची ही स्थिती आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकी शहरांत क्रॅक हे ओढायचे कोकेन पसरले तेव्हा डॉक्टरांनी आधी हाताशी होती तीच औषधे आजमावली. फ्रँक गाविन, हर्बर्ट क्लेबर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली डेसिप्रामिन या नैराश्यावरच्या जुन्या गोळीचे निकाल छापले. ती घेणारे ५९ टक्के रुग्ण सलग तीन-चार आठवडे कोकेनपासून दूर राहिले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. पुढच्या चाचण्यांत तो फरक टिकला नाही. मोडाफिनिल या झोप उडवणाऱ्या औषधाचीही तीच गत झाली.

अडचण मुळातच आहे. हेरॉइन मेंदूत ज्या ग्राहीवर बसते, ती जागा मेथाडोन धरून ठेवू शकते. कोकेन मात्र डोपामाइन हे मेंदूतले रसायन परत शोषून घेणारा मार्गच बंद करते. औषधानेही तोच मार्ग अडवला, तर त्याचीच सवय लागण्याची भीती!

म्हणून थॉमस कोस्टेन यांच्यासारखे संशोधक लशीकडे वळले. कोकेनचा रेणू इतका लहान, की प्रतिकारशक्ती त्याची दखलच घेत नाही. तेव्हा त्याच्यासारखा रेणू कॉलऱ्याच्या विषातल्या निरुपद्रवी प्रथिनाला जोडला. मग शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांनी कोकेनला रक्तातच धरायचे, मेंदूपर्यंत पोचू द्यायचे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांतच पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली. नशा चढेना म्हणून काहींनी कोकेन इतके वाढवले, की त्यांच्या शरीरात ते संशोधकांनी आधी पाहिलेल्या प्रमाणाच्या दहापट आढळले. ओढ मेंदूत तशीच होती. लशीने फक्त वाट अडवली होती. २०१४ साली तीनशे जणांच्या चाचणीचा निकाल आला. लस उपयोगी ठरली नाही.

या काळात खरे यश मिळाले ते औषधाविना. १९९०च्या सुमारास व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी लघवीच्या प्रत्येक स्वच्छ नमुन्यामागे रुग्णाला कुपन देऊन पाहिले. पहिले अडीच डॉलरचे, पुढचे प्रत्येक थोडे वाढते. एकदा कोकेन सापडले की पुन्हा पहिल्यापासून. रुग्ण टिकले, वापर घटला. पद्धत पुन्हा पुन्हा सिद्ध झाली, तरी ‘व्यसन सोडायला पैसे कशाला?’ या आक्षेपाने ती मागे राहिली. मला हा आक्षेप क्रूर वाटतो.

चूक मोजमापातही झाली. पूर्ण बंद म्हणजेच यश, असे बहुतेक चाचण्यांनी धरले. आठवड्यातले पाच दिवस कोकेन घेणारा दोन दिवसांवर आला, तर त्याच्या हृदयाला आणि घराला फरक पडतोच. २०२३ साली एफडीएने मसुदा मार्गदर्शिकेत वापरातली घटही मोजायला जागा दिली. नव्या औषधांच्या चाचण्या आता त्या मापाने आखता येतील. डेसिप्रामिन घेणाऱ्यांच्या काळात ती सोय नव्हती.