उपवासाची भगर : निवडण्यापासून वाढण्यापर्यंत

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी एकदा पहाटेच एका घरातील पाच जण माझ्या दवाखान्यात आले. सर्वांना उलट्या, मळमळ आणि चक्कर. रात्री भगरीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या होत्या. पीठ कधीचे, असे विचारताच आजी म्हणाल्या, "महाशिवरात्रीला दळलेलं उरलं होतं, डॉक्टर. उपवासाचं म्हणून टाकवेना." सलाईन लावल्यावर सगळे बरे झाले, पण दोष उपवासाचा नव्हता, त्या पिठाचा होता.

आपण 'वरीचे तांदूळ' म्हणतो, पण भगर हा तांदूळ नव्हे. वरी किंवा सावा या बारीक धान्यांची टरफले काढली की भगर होते. दमट हवेत तिच्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढू शकते व ती विषारी द्रव्ये सोडते. पीठ ओल चटकन धरते, म्हणून धोका पिठात अधिक. शिजवल्याने बुरशी मेली तरी तिने आधीच सोडलेले विष नाहीसे होईल, याचा भरवसा नाही.

म्हणून भगर सुटी न घेता तारीख छापलेल्या बंद पाकिटातील घ्यावी. तयार पीठ आणू नये. लागेल तेवढेच घरी दळावे आणि त्याच दिवशी संपवावे. कुबट वास किंवा काळपट डाग दिसल्यास भगर सरळ फेकून द्यावी.

शिजवण्यापूर्वी भगर निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावी, निथळून किंचित तुपावर परतावी. एका वाटीला तीन वाट्या उकळते पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर 10-12 मिनिटे शिजवावी. गरम असतानाच वाढावी. सकाळची भगर रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवू नये.

सोबत दाण्याची आमटी बेताची असावी. रिकाम्या पोटी ती जास्त झाली की पित्त उसळते. काकडीची कोशिंबीर आणि ताजे ताक जरूर घ्यावे. मधुमेही वाचकांनी लक्षात ठेवावे, भगर उपवासाला चालत असली तरी ती धान्यच आहे. तिनेही साखर वाढते. एक लहान वाटी पुरे.

भगर खाल्ल्यावर चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक डॉक्टरांकडे जावे. उरलेले पीठ दाखवण्यापुरते सोबत न्यावे. पुन्हा डब्यात ठेवू नये.