कापणीच्या दिवसांतील जागरण व थकवा

कार्तिक लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची लोंबी वाकते आणि शेतकऱ्याची झोप उडते. साकोली-लाखनीकडील जंगलाच्या काठी रानडुकरांचा उपद्रव इतका की, घरातील कर्ता पुरुष दिवेलागणीस जेवून बांधीतल्या माळ्यावर जातो, रात्रभर डबा वाजवितो, आणि उजाडताच विळा घेऊन कडपांच्या ओळीत उभा राहतो. उन्हाळी धान करणारांचे जागरण निराळे. मोटारीची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणजे पाणी फिरविण्यास रात्रीच जावे लागते. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना काढली. जेथे ती वीज पोचली तेथील लोकांनी प्रथम काय मिळविले असेल तर झोप.

या विषयावर आम्ही लिहीत आहोत ते परोपदेश म्हणून नव्हे. एका हंगामात आम्ही चार रात्री जागलीवर काढल्या व पाचव्या दिवशी मळणीयंत्रात पेंढ्या घालावयास उभे राहिलो. डोळे उघडेच होते असे आम्ही शपथेवर सांगितले असते; पण शेजारच्या बाईने मनगट धरून मागे ओढले तेव्हा कळले की, पेंढीबरोबर हातही आत निघाला होता. अतिशय जागलेल्या माणसास अशी क्षणाची झोप लागते व ती त्याची त्याला कळत नाही. धोका आहे तो येथेच.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात व लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढिले पडतात. आपल्याकडे वाहन चालविण्यास ०.०३ टक्क्यांपुढे मनाई आहे. म्हणजे पहाटे ४ ला उठलेला व दारूच्या थेंबास न शिवलेला गृहस्थ रात्री ९ ला ट्रॅक्टरवर बसला, तर तो झिंगलेल्यासारखाच समजावा.

यावर आपल्याकडील सर्वमान्य उपाय दोन : चहा आणि खर्रा. चहा वाईट नाही, परंतु तो झोपेचे कर्ज फेडीत नाही, फक्त सावकारास दारात थोपवून धरतो. त्याचा गुण यावयास सुमारे अर्धा तास लागतो, आणि पाच-सहा तासांनंतरही त्यातील निम्मा अंश अंगात उरतो. म्हणून दुपारी ४ नंतर चहा घेणाराने रात्री झोप येत नाही अशी तक्रार करू नये. खर्ऱ्याविषयी मात्र आम्हांस एकही चांगला शब्द सुचत नाही. त्यातील तंबाखूने क्षणभर हुशारी वाटते. पण सुपारी एकटीही तोंडाच्या कर्करोगास कारण होते, आणि तोंड उघडेनासे झालेले तरुण आता प्रत्येक गावात दिसतात. मजुरास हजेरीबरोबर खर्रा देण्याची जी चाल काही ठिकाणी पडली आहे, ती मालकांनीच मोडली पाहिजे.

खरा उपाय साधा असून फुकट आहे. जेवणानंतर दोनच्या सुमारास शरीर आपोआपच मंदावते. हा आळस नव्हे, तो देहाचा धर्म आहे. त्या वेळी मोहाच्या सावलीत वीस मिनिटे पडावे. अर्ध्या तासाहून अधिक झोपल्यास उठल्यावर अंग जड राहते, म्हणून उठविणारा माणूस नेमून ठेवावा. पडण्यापूर्वीच चहा घेतला तर तो जागे होण्याच्या वेळेस कामास लागतो. ही युक्ती आम्ही करून पाहिली आहे. दुपारचा भात एकदम पोटभर न घेता सकाळी पेज, दुपारी थोडा भात व वरण, तिसऱ्या प्रहरी चणे-फुटाणे अशी वाटणी केल्यास सुस्ती कमी येते. उन्हाळी धानाच्या कापणीत घामाबरोबर मीठही जाते. त्यासाठी मीठ घातलेले ताक किंवा आंबील शेतावर असावी. कोणास चक्कर येऊ लागली तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे, आणि उतार न पडल्यास दवाखाना गाठावा.

येथे एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. कापणीस व रोवणीस येणाऱ्या बाया घरचा स्वयंपाक उरकण्यासाठी पुरुषांच्या आधी उठतात आणि शेतावर मुद्दाम पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. मग तिसऱ्या प्रहरी त्यांचे डोके दुखते, हात मंदावतो, आणि मालक म्हणतो, मजूर कामचुकार झाले! धुऱ्यावर चार काठ्या रोवून तट्ट्या लावावयास एका गड्याची अर्धी सकाळ पुरते.

जागल एकट्याने पूर्ण रात्र करू नये. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी रात्र वाटून घ्यावी : एकाने एक वाजेपर्यंत, दुसऱ्याने पुढे, आणि ज्याची पाळी नाही त्याने निर्धास्त झोपावे. पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत अवघड, म्हणून ती पाळी आदल्या दिवशी विश्रांती घेतलेल्याकडे द्यावी. झोपावयाचे ते माळ्यावर किंवा खाटेवर. मण्यार रात्रीच हिंडते आणि भुईवर झोपलेल्यास चावते. मोटारीकडे जातानाही विजेरी व सोबती बरोबर असावा. आणि धान चुरतेवेळी यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस दर तासाला बदलावा. रात्री जागलेला असेल त्यास त्या दिवशी पुंजण्यावरून पेंढ्या देण्याचेच काम सांगावे.